थेलीसची सही

सदर इसम नामे नौशाद रहमतुल्ला, वय अंदाजे सत्तावन्न, धंदा पेंटर, राहणार जुन्नर, बांधा सडपातळ, उंची शिडीवर मोजल्यास बारा फूट, खाली उतरल्यावर बेताची. ओळखीची खूण : उजव्या हाताच्या नखांत लाल ऑक्साइड, जे रॉकेलने, साबणाने अथवा सणासुदीने निघत नाही. वर्तणूक : शिडीवर असेपर्यंत चांगली. सदर इसमाने खोडद रस्त्यावरील एका माध्यमिक विद्यालयाच्या दर्शनी भिंतीवर पाच परदेशी व्यक्तींना विनापरवाना वास्तव्यास जागा दिली, तोंडी समज देऊनही ती खाली करून दिली नाही, सबब सदर पाच व्यक्ती व सदर इसम यांचा सदर भिंतीशी असलेला संबंध कायमचा संपुष्टात आणण्यात आला असून तशी नोंद दप्तरी घेण्यात आली आहे.

एवढ्यावरून माणूस ओळखू यायचा नाही, म्हणून थोडं जास्त.

नौशाद पेंटर हा जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत हातानं अक्षर काढणाऱ्यांपैकी उरलेला माणूस आहे. वडील रहमतुल्ला हेही पेंटर. घोडेगावातल्या कापडदुकानापासून आहुप्याच्या देवराईच्या तोंडाशी लावलेल्या ‘येथील काडीही नेऊ नये’ या पाटीपर्यंत, या भागातला माणूस जे काही उभ्याउभ्या वाचत आला त्यातलं बरंचसं या बापलेकांनी लिहिलं. मग फ्लेक्स आला. फ्लेक्सवर वाढदिवस, निवड, नियुक्ती आणि दुःखद निधन ही चारही कामं एकाच फोटोत भागतात, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे गेलं. नौशादकडे राहिली ती एक शिक्षणसंस्था. तिच्या सगळ्या शाळांच्या पाट्या, सुविचार आणि भिंती दरवर्षी तोच रंगवायचा. संस्थेचे सचिव भगवंतराव यांना फ्लेक्सचं वावडं होतं असं नाही. पण फ्लेक्सवरचं त्यांचं नाव दुसऱ्या उन्हाळ्यात फिकं पडायचं, आणि ते त्यांना सोसवत नसे. या एका संस्थेच्या कामावर नौशादचं घर चालायचं. हे इथेच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं त्याला हे पक्कं ठाऊक असताना घडलं.

पेंटर लोकांत एक रिवाज आहे. तो कुठे लिहिलेला नाही. आणि लिहिणं हाच ज्यांचा धंदा, त्यांनीच तो लिहिला नाही, म्हणजे तशी गरज पडली नसावी. जुन्या पाटीवर नवी पाटी काढायची झाली तर खुशाल खरवडावी, हवी तशी रंगवावी, पण आधीच्या पेंटरची कोपऱ्यातली सही पुसू नये. आपली सही तिच्या खाली करावी. जुन्नरच्या बाजारात अशी एक लाकडी पाटी आहे. त्या दुकानात आधी शिलाई मशीन मिळायची, मग रेडिओ, मग कॅसेट, आता मोबाइलची फुटलेली काच बदलून मिळते. मालक बदलला, माल बदलला, पण पाटीच्या कोपऱ्यात एकीखाली एक अशा चार सह्या आहेत. पहिली कुणाची ते आता कुणालाच सांगता येत नाही. दुसरी रहमतुल्लांची, तिसरी नौशादची, आणि चौथी ऋतिकची. ऋतिक हा नौशादचा शागीर्द. पुढे त्यानं नारायणगावात फ्लेक्सचं मशीन टाकलं, तेव्हापासून उस्ताद-शागीर्दाचं बोलणं बंद आहे.

या रिवाजाचं कारण विचारलं तर नौशाद विचारणाऱ्याकडे जरा दयेनं बघतो.

“फळी सरळ कुनी केली? प्रायमर कुनाचा? दोऱ्या कुनी मारल्या? आपन येऊन निस्तं वरचं नाव बदलतो, राव. म्हनून काय पहिल्याचं नाव गिळायचं?”

दोरी मारणं म्हणजे निळीत बुडवलेली सुतळी भिंतीवर ताणून टच्‌कन सोडणं. सरळ निळी रेघ उमटते आणि अक्षरं तिच्यावर बसतात. काम संपलं की रेघ दिसत नाही. अक्षरं मात्र तिच्या धाकात राहतात.

तर भिंत. खोडदच्या दुर्बिणीचे मोठमोठे अँटेना या शाळेच्या मैदानातून दिसतात. विज्ञान दिनाला दुर्बीण बघायला जाणारी गर्दी शाळेच्या भिंतीसमोरूनच जाते. तेव्हा भगवंतरावांनी फर्मावलं की भिंतीवर विज्ञान दिसलं पाहिजे. कुठलं, हा तपशील त्यांनी विज्ञानाच्या बाईंवर सोपवला. बाई म्हणजे तेजस्विनी; वारूळवाडीच्या, नोकरीत नव्या, अजून कायम न झालेल्या. कायम न झालेल्या माणसानं सूर्यमाला काढून मोकळं व्हावं हा शहाणपणा. यांनी विषय घेतला पदार्थ.

“सुरुवात थेलीसपासून करू, चाचा,” त्या म्हणाल्या. “ग्रीक. अडीच हजार वर्षांपूर्वीचा. तो म्हणाला, हे सगळं मुळात पाणी आहे.”

“बरोबर हाय का?”

“नाही.”

“मग भित्तीवर कशापायी?”

“त्याच्या आसपासचे लोक विचारायचे, हे सगळं कोणी केलं. यानं विचारलं, हे सगळं कशाचं केलंय. उत्तर चुकलं. प्रश्न अजून चालू आहे. तिकडे परदेशात जमिनीखाली बोगदे खणून लोक तेच शोधतायत.”

नौशादनं भिंतीकडे पाहिलं. “म्हंजे ह्यानं दोऱ्या मारल्या.”

“तसंच काहीसं.”

“दिसायचा कसा?”

“कुणालाच माहीत नाही. दाढी असावी.”

“दाढ्या लई हायेत माझ्याकडं, म्याडम. तोंड पायजे.”

तोंडं त्यानं रस्त्यावरनं घेतली. थेलीसला पाटकऱ्याचं तोंड दिलं, म्हणजे कालव्याचं पाणी सोडणाऱ्या माणसाचं. त्यानं पाणी सोडल्याशिवाय जग सुरू होत नाही यावर त्याचं आणि तालुक्याचं एकमत आहे. पुढचा ॲनॅक्झिमिनीज. सगळं मुळात हवा आहे, दाबली की घट्ट होते आणि सैल सोडली की विरळ, त्यातूनच ढग, पाणी, दगड होतात, असं त्याचं म्हणणं. नौशादनं त्याला रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याच्या खोपटात कॉम्प्रेसरशेजारी बसवलं. बाईंनी सांगितलं की हवेचं चुकलं, पण एकच वस्तू कमीजास्त दाटीमुळे वेगवेगळी दिसते ही गोष्ट पुढच्यांनी त्याच्याकडून उचलली. पंक्चरवाला म्हणाला की हे तो रोज बघतो, पण कुणी विचारलं नव्हतं. हेराक्लायटसच्या मते सारं काही आग, आणि काहीच जागच्या जागी राहत नाही. त्याच्यासाठी फुटाण्याची भट्टी काढली, आणि तिचा लाल-नारिंगी असा काही झाला की रस्त्यानं जाणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यांनी मान वळवावी.

चौथ्याशी काम अडलं. एम्पेडोक्लीजनं भांडण मिटवलं होतं : पाणी, हवा, आग आणि माती, चौघंही खरी. काही नव्यानं जन्मत नाही, काही संपत नाही. चौघांचं प्रमाण बदलतं, बस. बाई म्हणाल्या, “त्यानं दाखलाही दिलाय, चाचा. पेंटर थोडेच रंग घेतो, ते मिसळतो आणि त्यातूनच झाडं, माणसं, पक्षी सगळं काढतो. जग तसंच, म्हणाला.”

नौशाद बराच वेळ ब्रश पुसत राहिला. “हा आमच्यातला,” तो म्हणाला. त्या दिवशी त्यानं ग्रीक वस्त्र गुंडाळलेल्या अंगावर जे तोंड काढलं ते रहमतुल्लांचं होतं.

“सासऱ्यांना चादर नेसवलीत,” त्याची बायको अनिसा बघायला आली तेव्हा म्हणाली. “आयुष्यभर पायजमा घातला बिचाऱ्यांनी.”

या चौघांचा हिशेब दोन हजार वर्षं चालला, हे ऐकून नौशादला बरं वाटलं. ग्रीकांच्या पोथ्या बगदादच्या पंडितांनी अरबीत नेल्या आणि तिकडून बऱ्याचशा युरोपात परत गेल्या, हे ऐकून आणखी बरं वाटलं.

“म्हंजे माल आमच्याकडनं गेला.”

“गेला, चाचा. पण पावती नाही.”

पाचवा डेमॉक्रिटस. कापत जा, कापत जा, शेवटी एक कण असा उरतो की जो कापत नाही. जग म्हणजे असले कण आणि मधली मोकळी जागा. तिसरं काही नाही. हा माणूस सतत हसायचा अशी आख्यायिका आहे. सतत हसणारा आणि बारीक करण्याचा धंदा असणारा माणूस गावात एकच : शाळेसमोरचे गिरणीवाले गोरखशेठ. नौशादनं त्यांना पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट रंगवलं. गिरणीच्या पायरीवर कणाद बसवला, सांडलेले दाणे वेचून खाणारा आपल्याकडचा ऋषी, ज्यानं आपल्या परीनं तीच गोष्ट सांगितली. त्याला आहुप्याच्या कुशाबाचं तोंड मिळालं, कारण कुशाबा त्या दिवशी नाचणीचं पोतं घेऊन त्याच पायरीवर बसला होता आणि जायची घाई त्याला नव्हती.

शेवटी आजचा अणू, भिंतीच्या उरलेल्या अर्ध्या भागात. त्याची वर्तुळं काढताना बाई खालून सांगत होत्या. “डेमॉक्रिटसचं कुणी मनावर घेतलं नाही, चाचा. मग दोनेकशे वर्षांपूर्वी एका इंग्रज मास्तरानं वजनं करकरून दाखवलं की कण असल्याशिवाय हिशेब जुळत नाही. आणि नाव त्यानं तेच ठेवलं, डेमॉक्रिटसच्या भाषेतलं. ॲटम. म्हणजे न कापता येणारा.”

“आन् खरंच कापत न्हाई?”

“कापला. पुढच्यांनी कापला.”

“मग नाव बदललं आसंल.”

“नाही. नाव तेच आहे.”

नौशाद चहा आणि नमाज यांखेरीज शिडीवरून उतरत नाही. त्या वेळी उतरला.

“म्हंजे सही पुसली न्हाई,” तो म्हणाला.

भिंतीवर मोठ्या अक्षरांत ‘हे सगळं कशाचं?’ असं लिहून त्यानं खाली उजव्या कोपऱ्यात आपली सही केली. गर्दी आली, फोटो काढून गेली. गावानं आपापली तोंडं ओळखली. ज्यांची नव्हती त्यांनी अक्षराला नावं ठेवली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोटाळा चाचणी परीक्षेनं केला. ‘पदार्थ कशाचा बनलेला असतो?’ या प्रश्नाला आरती नावाच्या मुलीनं उत्तर लिहिलं : ‘पाटकरी यांच्या मते पदार्थ पाण्याचा बनलेला असतो. परंतु आमच्या गावचे गोरखशेठ गिरणीवाले यांनी अणूचा शोध लावला.’ वर्गातल्या निम्म्यांनी थोड्याफार फरकानं तेच लिहिलं होतं. त्यात त्यांचा दोष म्हणाल तर एवढाच, की त्यांनी भिंत नीट पाहिली होती. बाईंनी चूक दुरुस्त केली आणि अर्धा गुण दिला.

आरतीच्या पेपराचा फोटो गोरखशेठनी गिरणीत लावला. येईल त्याला ते म्हणायचे, “दळणाचं सोडा वो, अणूचं काय काम आसंल तर बोला.”

आता, गोरखशेठ येत्या ग्रामपंचायतीला भगवंतरावांच्या पॅनेलसमोर उभे होते. भगवंतरावांनी तो फोटो पाहिला आणि त्यांना शैक्षणिक दर्जाची काळजी वाटू लागली. ते दुसऱ्याच दिवशी भिंतीसमोर उभे होते. नौशादला निरोप पाठवून बोलावलं होतं, आणि बाई तास सोडून आल्या होत्या.

“नौशादभाऊ, हे पाचजण पुसायचे.”

“का बरं?”

“चुकीचे आहेत. तुमच्या मॅडमच सांगतात. शाळेच्या भिंतीवर चुकीची उत्तरं कशी ठेवायची? मुलं पेपरात तेच लिहिणार.”

“पोरं भित्तीबिगरबी चुकीचं लिवत्यात, साहेब.”

“आणि सगळे परदेशी. आपला कणाद कुठे आहे?”

“त्यो काय, पायरीवर.”

भगवंतराव वाकून बघू लागले. “हा आहुप्याचा कुशाबा आहे.”

“मग कणादाचा फोटू आसंल तर द्या तुमी. तसा काढतो.”

बाई हळूच म्हणाल्या, “सर, चुकीचे म्हणून पुसायचे असतील तर कणादही पुसावा लागेल. त्यांचा कणही आजच्या अणूसारखा नव्हता.”

भगवंतरावांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्यावर मतदार होते.

“कणाद राहील,” ते म्हणाले. “आणि मॅडम, तुम्ही अजून नव्या आहात, हे लक्षात ठेवा.”

“म्याडमला मधी घेऊ नका,” नौशाद म्हणाला. “तोंडं मी काढली. गोरखशेठचं तोंड तुमाला सलतंय, सरळ बोला ना.”

रस्त्यावर कुणीतरी खाकरलं. भगवंतरावांचं ‘तुम्ही’ तिथेच संपलं.

“तूच पांढरा मार. उद्याच्या उद्या.”

“मी न्हाई मारनार.”

“का? रंगाचे पैसे देतोय मी.”

“लाख दिलं तरी न्हाई. पाटी खरवडतो मी, साहेब, लई खरवडल्यात. पन ज्याच्यावर पुढचं सगळं उभं ऱ्हायलं त्याला नावासकट गायब करायचं, हे आमच्यात करत न्हाईत. चुकला तर चुकला. दोऱ्या त्यानं मारल्यात.”

“मग संस्थेचं काम विसर.”

“विसरलो.”

एका शब्दात आपली वर्षाची कमाई एवढ्या नीटपणे संपवलेला माणूस त्या रस्त्यानं आधी पाहिला नव्हता. नौशाद सवयीनं भिंतीशेजारची शिडी खांद्यावर टाकून निघाला, पण शिडी संस्थेची असल्याचं लक्षात येऊन परत आला आणि ती जागेवर ठेवून पुन्हा निघाला.

बातमी त्याच्या आधी जुन्नरला पोचली होती. अनिसानं ताट वाढलं, वर आमटी वाढली आणि मग बोलली.

“अजी, सगळ्या शाळा गेल्या म्हणे. उद्यापासून शिजवू काय, ते थेलीसचं पाणी?”

“त्याच्यात चहापत्ती टाक.”

“टाकते. पत्ती पण पंक्चरवाल्याच्या हवेतून येणार असेल.” तिनं भाकरी ताटात जरा जोरातच ठेवली. “मरून अडीच हजार वर्षं झाली त्यांना. कोण बघायला येतंय, नाव ठेवलं का पुसलं?”

“अब्बाबी बघाया येत न्हाईत बाजारात. सही हाय का न्हाई त्यांची पाटीवर?”

“त्यांनी केली म्हणून आहे. ह्या तुमच्या पाचजणांनी कुठे सही केलीय? सही तर तुमची एकट्याची आहे. जो कोणी पांढरा मारायला येईल तो तुमचं नाव ठेवील आणि त्यांना पुसून जाईल. रिवाजात बसतं की ते.”

नौशादचा घास हातातच राहिला. टोमणा मारायला गेलेल्या बाईनं मुद्दा मांडला होता, आणि हे तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती म्हणाली, “आधी जेवा. मग जा कुठे जायचंय तिथे.”

सकाळी शाळा भरायच्या आत नौशाद भिंतीपाशी बसला होता. शिडी लागणार नव्हती. बारीक ब्रश, काळ्या ऑइल पेंटचा लहान डबा. आपल्या सहीच्या वर त्यानं एकीखाली एक अशा पाच सह्या काढल्या, प्रत्येक वेगळ्या वळणाची. थेलीसची पसरट, पाण्यासारखी सैल. ॲनॅक्झिमिनीजची जागा कमी पडून शेवटी दाटलेली. हेराक्लायटसची उभट. एम्पेडोक्लीजची सही रहमतुल्लांच्या वळणाची होती. ते वळण ओळखू शकणारा माणूस पंचक्रोशीत एकच होता आणि तो नारायणगावात फ्लेक्स छापत होता. डेमॉक्रिटसची सही ठिपक्या-ठिपक्यांची. कणादाची काढली नाही. तो जागेवर राहणार होता.

बाई फाटकातून आत येताना थांबल्या.

“चाचा, हे काय?”

“काम आर्धं ऱ्हायलं व्हतं. सह्या करून घेतल्या.”

दुपारी ऋतिक आला. भगवंतरावांनी त्यालाच बोलावलं होतं. आता संस्थेची कामं त्याच्याकडे जाणार होती. गाडीतून शिडी, पांढऱ्या रंगाचे डबे आणि रोलर निघाले. नौशादनं गिरणीतून खुर्ची मागून आणली होती आणि रस्त्याच्या गिरणीकडच्या कडेला तो चहा पीत बसला होता. बाजूला गोरखशेठ, पंक्चरवाला, आणि दळणाला आलेल्या बायका. दळण कधीच झालं होतं. कुणी हलत नव्हतं.

ऋतिक रस्ता ओलांडून आला. “उस्ताद, तुमी नको म्हनला तर गाडी वळवतो.”

कित्येक वर्षांनंतरचं हे पहिलं वाक्य. नौशादनं कप खाली ठेवला.

“काम घेतलंयस ना? मग नीट कर. ऑइलपेंटावर निस्ता पांढरा धरत न्हाई. आधी पालिशपेपर मार, न्हाईतर म्हयन्यात पापुद्रे निघतील, आन् लोक म्हनतील उस्तादानं शिकवलं न्हाई.”

ऋतिकनं पॉलिशपेपर मारला. मग थेलीस गेला. पंक्चरवाला स्वतःचं खोपट जाताना बघत होता, म्हणाला, “हवा काढली राव माझी.” भट्टी दोन हातांत जाईना, लाल रंग वर येत राहिला. “त्याला तिसरा हात लागतो,” नौशाद खुर्चीतून म्हणाला. तिसरा हात लागला. रहमतुल्लांच्या तोंडापाशी ऋतिकनं रोलर ठेवून ब्रश घेतला आणि कडेकडेनं काम करू लागला. नौशाद बघत राहिला. भिंतीवरचे गोरखशेठ हसत गेले, भुवयांपासून; पायरीवरचा कणाद तेवढा राहिला.

मग कोपरा आला आणि ऋतिक उकिडवा बसून राहिला. शेजारी भगवंतराव उभे होते, काम पुरं होण्याची वाट बघत.

“ते पण मार.”

“साहेब, सह्या हायेत.”

भगवंतराव वाकले. “नौशादची राहू दे, माझी हरकत नाही. वरच्या पाच मार. थेलीस म्हणे! हा आला होता रंगवायला?”

“मग कोन आलं व्हतं?” नौशाद खुर्चीतून म्हणाला. उभा राहिला नाही. “तो अणू माझ्या डोस्क्यातनं आला का तुमच्या?”

बाई फाटकात उभ्या होत्या. त्या नव्या होत्या हे त्यांना आठवलं असणार, तरी मोठ्यानं म्हणाल्या, “सर, चित्र चाचांचं, पण मुळातली मांडणी या पाचजणांचीच आहे. पुस्तकातला अणूचा धडा उघडा, दुसऱ्याच ओळीत त्यांच्यातलाच एक भेटतो.”

“मार रे,” भगवंतराव ऋतिककडे वळून म्हणाले.

ऋतिकनं चौथ्या सहीवर अंगठा ठेवला. वाळली आहे का बघतात तसा. ती वाळली होती.

“सह्या आमच्यात पुसत न्हाईत, साहेब.”

“आमच्यात म्हणजे कुणाच्यात? तुझं तर फ्लेक्सचं मशीन आहे!”

“मशीनला सही येत न्हाई. म्हनून तर.” तो उठला आणि पांढऱ्या रंगात भिजलेला ब्रश त्यानं दांड्याकडून भगवंतरावांपुढे धरला. “तुमची भिंत हाय. तुमी मारा. मी आडवनार न्हाई.”

ब्रशातून रंग ठिबकत होता. भगवंतरावांचे कपडे पांढरेच होते, डाग दिसला नसता. पण समोर गिरणी होती, गिरणीसमोर गाव होतं, आणि पुढच्या महिन्यात मतदान होतं. उकिडवं बसून अडीच हजार वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांशी पुसापुशी करताना पॅनेलच्या पुढाऱ्याला किती लोकांनी पाहावं, याचा त्यांनी मनाशी अंदाज घेतला असावा. त्यांनी ब्रश घेतला नाही.

“पेंटर लोकांच्या सह्या काय, असतातच,” ते शेवटी म्हणाले. “कोण वाचतंय!”

ते गेल्यावर ऋतिकनं काळ्या रंगाचा डबा मागितला. नौशादनं तो पिशवीतून काढून दिला. ऋतिकनं नौशादच्या सहीखाली आपली सही केली. नौशाद रस्ता ओलांडून आला, वाकून बराच वेळ बघत राहिला.

“‘ऋ’चं पोट सुटलंय,” तो म्हणाला. “मशीनवर बसून बसून.”

“तुमी बोलत नव्हता, उस्ताद. सांगनार कोन?”

यानंतर सगळं गोड झालं असं कुणी समजू नये. नौशादला संस्थेचं काम परत मिळालं नाही. तो आता नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटवर शेतकऱ्यांची नावं घालतो. क्रेट देशभर फिरून येतात, नाव नसेल तर परत येत नाहीत. त्यामुळे या कामाला तूर्त फ्लेक्सचा धोका नाही, असं त्याचं मत आहे. अनिसा अधूनमधून थेलीसच्या पाण्याची चौकशी करते आणि चहा ठेवते. ऋतिक संस्थेच्या पाट्या करतो, कारण हातानं लिहिणारा तिसरा कुणी संस्थेला मिळाला नाही. अडचणीचं मोठं अक्षर असलं की ते तो क्रेटांच्या ढिगापाशी येऊन विचारून जातो आणि वर बोलणी खातो. गोरखशेठ निवडणूक हरले आणि अजून हसतात. तेजस्विनीबाई अजून कायम झालेल्या नाहीत. दरवर्षी नव्या वर्गाला त्या भिंतीपाशी आणतात. पुस्तकातला धडा उघडण्याआधी कोपऱ्यापाशी वाकायला लावतात आणि विचारतात, ही माणसं कोण? अणूवर यांनी सह्या का केल्या असतील? मुलं अंदाज लढवतात. चुकतात. बाई चुकलेली उत्तरं फळ्यावर लिहून घेतात, पुसत नाहीत, आणि मग शिकवायला लागतात.

संस्थेच्या दप्तरी नोंद अशी, की सदर भिंतीवरील चुकीचा व परदेशी मजकूर समूळ काढून टाकण्यात आला असून सदर पाच व्यक्तींचा व सदर इसमाचा कोणताही मागमूस उरलेला नाही, याची सचिवांनी समक्ष खात्री केली आहे.

भिंतीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात सात सह्या आहेत.